मुक्त झालेल्या गुलामाची पूर्वकथा

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. दर शनिवारी रात्री मी कुठे गायब असते, फोन का उचलत नाही, असं दोन-तीन नातेवाइकांनी विचारलं होतं. उत्तर सोपं आहे: मी खेळत असते. आणि त्या खेळात मी एक मुक्त झालेली गुलाम बाई असते.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो छापला. भातुकलीला नियमांचं जाडजूड पुस्तक जोडलं तर जे होईल ते, असं समजा. एक जण जग उभं करतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र घेतात. मग गोष्ट सगळ्यांनी मिळून बोलत बोलत पुढे न्यायची, आणि जिथे यश-अपयशाचा प्रश्न येईल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. आम्ही पाच जण आहोत, तिघं पुण्यात, एक बंगळुरात, एक टोरांटोत. वय वर्षं पस्तीस ते पन्नास. हसू नका :)

खेळ सुरू होण्याआधी पात्राची पूर्वकथा लिहून द्यायची असते. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत तर त्यासाठी रकानेच आहेत: स्वभाव, आदर्श, बंध आणि दोष. मी ठरवलं की माझं पात्र गुलामगिरीतून सुटलेलं असेल. कारण काही फार थोर नव्हतं. अशी पात्रं या खेळात पुष्कळ असतात आणि त्यांची एक ठरलेली गोष्ट असते. पायात बेड्या, पाठीवर वळ, क्रूर मालक, एक दिवस बंड, मालकाचा खून, पळ, आणि मग सूडाच्या शोधात भटकंती. १९९१ साली 'डार्क सन' नावाचं या खेळाचं एक वाळवंटी जग निघालं, त्यात तर आखाड्यात झुंजणारे गुलाम हा अगदी नेहमीचा प्रकार. पात्राला राग मिळतो, तलवार मिळते, आणि घरदार नसल्यामुळे भटकायला मोकळीक मिळते. खेळाच्या दृष्टीने फार सोयीचं.

मी तशीच एक अर्ध्या पानाची गोष्ट मास्टरला पाठवली. तो माझा कॉलेजपासूनचा मित्र, मोजकं बोलणारा. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: "ती सुटली ते कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ती काय करते?"

या एका प्रश्नापायी मी तीन आठवडे इतिहास वाचत बसले. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडते आहे.

पहिलं नाव कोणाचं आठवणार? मलिक अंबरचं. शाळेत आपण त्याला 'गनिमी काव्याचा जाणकार' आणि 'जमिनीची मोजणी करणारा' म्हणून दोन ओळींत उरकतो. त्याची पूर्वकथा मात्र कुठल्याही कल्पित पात्राला लाजवेल अशी आहे. जन्म १५४८ च्या सुमारास, इथिओपियात. मूळ नाव चापू. लहानपणीच विकला गेला, येमेनातल्या मोखा बंदरातून बगदादला पोचला. तिथे मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, मुसलमान केलं आणि 'अंबर' हे नाव दिलं. १५७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. या चंगीझखानाने असे सुमारे हजार हबशी गुलाम घेतले होते. आणि तो स्वतःही हबशीच, एके काळचा गुलाम!

इथे माझ्या ठरलेल्या गोष्टीला पहिला तडा गेला. ही गुलामगिरी उसाच्या मळ्यातली नव्हती. हे शिपाई होते. परक्या मुलखातला, ज्याला इथे ना भाऊबंद ना वतन, असा माणूस दरबारातल्या कुठल्याच गटाचा नसतो, म्हणून तो मालकाशी एकनिष्ठ राहील, असा त्यामागचा हिशेब. ऑर्लँडो पॅटरसन या समाजशास्त्रज्ञाने १९८२ साली गुलामगिरीवर एक मोठा ग्रंथ लिहिला. गुलामाची मुख्य खूण मारहाण किंवा बेड्या नसून त्याचं कुळापासून तोडलं जाणं ही आहे, असं त्यात मांडलं आहे. गुलामाला पूर्वज नसतात आणि त्याच्या मुलांवर त्याचा हक्क नसतो. आपल्याकडे कुणी नवा माणूस भेटला की 'तुम्ही कुणाचे?' असं विचारतात ना, त्या प्रश्नाला मालकाच्या नावाखेरीज उत्तर नसणं म्हणजे गुलामगिरी.

नावांचंही तसंच. अंबर म्हणजे देवमाशापासून मिळणारं सुगंधी द्रव्य. याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर, अलमास म्हणजे हिरा. इतिहासात ही नावं दिसली की थांबून बघावं. मौल्यवान वस्तूंची नावं आहेत ती, मालकाने मालाला दिलेली.

आता 'दुसऱ्या दिवशी सकाळी'चं बघू. चंगीझखान १५७४-७५ च्या सुमारास वारला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. ना बंड, ना पळ. मालक गेला आणि मालकिणीने सोडलं. पण मालक गेला म्हणजे डोक्यावरचं छप्परही गेलं. अंबर तेव्हा पंचविशीत होता, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं तो इकडून तिकडे चाकरी शोधत हिंडला. विजापूरला राहिला, तिथे 'मलिक' ही पदवी मिळाली. १५९५ च्या सुमारास अहमदनगरला परतला तेव्हा त्याच्याजवळ दीडशे घोडेस्वार होते. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. अंबरने निजामशाही घराण्यातला एक वारस शोधून त्याला परांड्याला गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली.

हे लग्न मी आजवर नुसतं राजकारण म्हणून वाचत आले होते. या वेळी वेगळं काही दिसलं. ज्याला कुळ नव्हतं त्याने सोयरीक करून कुळ मिळवलं. मालोजी, शहाजी यांच्यासारखे मराठा सरदार त्याच्या बाजूने लढले, १६१० साली त्याने खडकी वसवली (आजचं छत्रपती संभाजीनगर), १६२४ साली भातवडीला मोगल आणि विजापूर या दोघांच्या फौजांना एकदम हरवलं, १६२६ साली वारला, खुलताबादला त्याची कबर आहे. हे सगळं थोरच. पण माझ्या पात्रासाठी मी टिपून ठेवलं ते एवढंच, की इतका मोठा झाल्यावरही तो अंबरच राहिला. चापू परत आला नाही. ज्या नावाने त्याला विकलं होतं तेच नाव त्याने इतकं मोठं केलं की त्याची किंमत कुणी विचारू शकलं नाही.

पण अंबर हा एखादाच. त्याच वेळी विकत घेतलेल्या त्या हजारांतल्या बाकीच्यांचं काय झालं? म्हणून मी जरा अलीकडच्या काळात आले, आणि गाडी थेट नाशिकला येऊन थांबली.

नाशिकजवळ शरणपूर आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे चर्च मिशनरी सोसायटीचं केंद्र होतं. इंग्रजांचं आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं आणि त्यांतली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवायचं. त्यांतली बरीच मुलं शरणपूरला आली. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकली. त्यांना इंग्रजी पुस्तकांत 'नासिक बॉईज' म्हणतात. १८६६ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या शेवटच्या सफरीला निघाला तेव्हा यांतली नऊ मुलं त्याच्याबरोबर होती. जेकब वेनराइट हा शरणपूरलाच शिकलेला, तो त्या सफरीत नंतर सामील झाला. १८७३ साली लिव्हिंगस्टन वारल्यावर तिथल्या झाडावर त्याचं नाव कोरलं ते वेनराइटने, आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर चालला तोही वेनराइटच. नाशिकच्या शाळेतून वेस्टमिन्स्टर ॲबी!

मला मात्र यांच्यापेक्षा दुसऱ्याच दोन मुलांनी धरून ठेवलं: चुमा आणि विकटानी. दोघांनाही १८६१ साली आजच्या मलावीच्या भागात, गुलामांच्या तांड्यांतून सोडवलं गेलं. १८६४ साली लिव्हिंगस्टन त्यांना आपल्या छोट्या आगबोटीतून मुंबईला घेऊन आला आणि डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. (हो, विल्सन कॉलेजवाले विल्सन.) १८६६ साली दोघंही त्याच्याबरोबर आफ्रिकेला परतले. न्यासा सरोवराच्या जवळ विकटानीला आपले नातेवाईक भेटले, आणि तो तिथेच राहिला. चुमा पुढे गेला. लिव्हिंगस्टनच्या शेवटापर्यंत राहिला, आणि त्याचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत पुढे होता. पुस्तकं निघाली त्यांत चुमाचं नाव मोठं झालं. विकटानी सरोवराकाठी उतरतो आणि गोष्टीतून जातो.

खेळात सगळे चुमा होतात. निघतात, चालतात, मोठी कामं करतात. पण मला वाटलं, दोघांतलं जास्त धाडसाचं काम कुणाचं? पाच वर्षांनी, दुसरी भाषा आणि दुसरा देव शिकून आल्यावर, 'हे माझे लोक' असं म्हणून थांबणं हेही काही सोपं नसणार. शरणपूरच्या अनेकांना तेही शक्य नव्हतं. १८७५ साली मोंबासाजवळ फ्रियरटाउन नावाची मुक्त गुलामांची वसाहत झाली, तिथे नाशिकची बरीच मंडळी गेली. म्हणजे आफ्रिकेत परतली, पण आपल्या गावी नव्हे. तिथल्या लोकांनी त्यांना काय म्हणावं? 'बॉम्बे आफ्रिकन्स'! मुंबईत असताना आफ्रिकेचे, आफ्रिकेत गेल्यावर मुंबईचे.

इथवर वाचून होईपर्यंत एक गोष्ट लक्षात आली. हे सगळे बाहेरून आलेले. विकणारे कुणी अरब, कुणी अजून कुणी. आपण आपले बघे. आणि गुलाम म्हटल्यावर मी मनात पुरुषच धरून चालले होते. माझं पात्र तर बाई होती.

मग पेशवाईकडे वळले. पेशवे दफ्तरात कुणबिणींचे कागद आहेत. इथे कुणबीण म्हणजे कुणबी जातीची बाई हा अर्थ नाही, कुणबीण म्हणजे गुलाम बाई. बटीक हाही शब्द येतो. या बाया इथल्याच, आपल्याच भाषेच्या. काही दुष्काळात विकलेल्या. काही मोहिमांत धरून आणलेल्या. आणि काहींना सरकारनेच कुणबीण केलेलं, कारण त्यांच्यावर 'बदकर्मा'चा, म्हणजे व्यभिचाराचा ठपका आला होता. किल्ल्यांवर, कोठ्यांत, पागेत त्यांना कामाला लावत. त्यांची खरेदी-विक्री होई, कपड्याचा हिशेब लिहिला जाई, मुलं झाली तर ती मालकाची. सुमित गुहा यांनी २००६ साली आलेल्या एका संग्रहात अठराव्या शतकातल्या या पद्धतीवर लिहिलं आहे, जमलं तर जरूर वाचा.

आता नातेवाइकांनी जरा लक्ष द्यावं, कारण हे घरचं आहे. आपल्या गावच्या घरातल्या ट्रंकेतले मोडी कागद चार वर्षांपूर्वी एका जाणकारांकडून वाचून घेतले होते ते आठवत असेल. सगळ्यांना उत्सुकता होती इनामाच्या कागदाची. ती यादी मी पुन्हा काढून बघितली. घरखर्चाच्या एका कागदावर, बैलांच्या पेंडीचा खर्च आणि देवाच्या तेलाचा खर्च यांच्यामध्ये एक नोंद आहे: कुणबिणीस लुगडे. नाव नाही, वय नाही. आपल्या कुलवृत्तांतात आठ पिढ्यांचे पुरुष आहेत, कोण कुठे दत्तक गेला तेही आहे. ही बाई नाही. तिने पाणी भरलं असेल, दळलं असेल, आपल्या कुणा खापरपणजोबांना कडेवर घेतलं असेल. ती कुणाची होती? 'आपली', एवढंच उत्तर आहे, आणि ते ज्या अर्थाने खरं आहे तो अर्थ चांगला नाही.

तिची सुटका कधी झाली असेल? कंपनी सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. म्हणजे गुलामावरचा मालकीहक्क कोर्ट मानणार नाही, एवढंच. १८६० च्या दंडसंहितेत गुलामाची खरेदी-विक्री गुन्हा ठरली, तो कायदा १८६२ पासून लागू झाला. पण ज्या बाईला माहेर नाही, जात परत घेणार नाही, हातात पैसा नाही, तिला कायदा आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय करता येतं? मला तरी एकच दृश्य दिसतं. ती त्याच घरात, त्याच वेळी उठते आणि त्याच विहिरीवर जाते.

मित्राच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. मुक्ती हा एका दिवसाचा प्रसंग नव्हे. साखळी एका दिवसात तुटते, पण माणूस 'कुणाचा' हे ठरायला एक अख्खं आयुष्य जातं, कधी दोन पिढ्या. अंबरने सोयरीक जोडली, विकटानीने आपले लोक शोधले, चुमाने काम धरलं. आणि आपल्या ट्रंकेतल्या त्या बाईला काय मिळालं ते कागदाला ठाऊक नाही.

मग प्रश्न येतो की हे खेळावं का? ज्यांच्या घरात कुणबीण होती त्यांच्या पणतीने शनिवारी रात्री चहा घेत गुलाम बाई व्हायचं, हे बरं दिसतं का? या खेळाच्या जगातही हा वाद झाला आहे. २०२२ साली 'स्पेलजॅमर' नावाचं पुस्तक आलं, त्यात माकडासारख्या दिसणाऱ्या एका जमातीची गोष्ट होती: एका जादूगाराने त्यांना गुलाम केलं आणि मग त्याच्याच शिष्यांनी त्यांना सोडवलं. काळ्या लोकांच्या गुलामगिरीची ही क्रूर नक्कल आहे अशी टीका झाली. प्रकाशकांनी माफी मागून तो मजकूर काढला. टीका मला पटली. त्या गोष्टीत गुलामांना स्वतःचं काहीच नव्हतं, आधी मालकाने घडवलेले आणि मग दुसऱ्या कुणी सोडवलेले. पण म्हणून विषयालाच हात लावू नये, हे मला पटत नाही. हात न लावता आपण दोनशे वर्षं राहिलोच की. कुलवृत्तांत तसाच तर लिहिला गेला. आम्ही पाच जणांनी आधी बसून ठरवलं की मारहाण आणि अत्याचार टेबलावर दाखवायचे नाहीत, आणि मग खेळायला घेतलं.

शेवटी मी लिहिलेली पूर्वकथा अशी. तिचं नाव केवडा. मालकाने ठेवलेलं, तिने बदललं नाही. एका किल्ल्याच्या धान्यकोठीत वीस वर्षं. मूठभर दाणे हातात घेऊन धान्य किती जुनं आहे ते सांगते, मापात कुठे चोरी झाली ते नुसत्या नजरेने ओळखते. मालक वारल्यावर मालकिणीने सोडलं. 'बंध'च्या रकान्यात लिहिलं: मालकिणीची मुलगी, जिला हिने वाढवलं. 'दोष'च्या रकान्यात: कुठल्याही वस्तूची किंमत विचारत नाही, कारण एकदा आपली ऐकली आहे. पाठीवर वळ नाहीत.

खेळ सुरू होऊन पाचेक महिन्यांनी ती मुलगी आमच्या वाटेत आली, आता एका वाड्याची धनीण. टोरांटोवाल्याने लगेच तलवार काढली, बंगळुरकर फासे खुळखुळवायला लागला. सगळ्यांना सूड हवा होता. केवडाने तिच्याकडे कागद मागितला. आपण मुक्त आहोत असा सही-शिक्क्याचा कागद, कारण मालकिणीने सोडलं होतं ते नुसतं तोंडी, आणि तोंडी सुटकेवर कुठल्याही नाक्यावर कुणीही तिला परत धरू शकलं असतं. मुलीने कागद लिहायला घेतला आणि विचारलं, "नाव काय घालू? केवडा, कुणाची?"

मास्टर माझ्याकडे बघत थांबला. मला उत्तर सुचलं नाही. फासा टाकून मिळण्यासारखंही ते नव्हतं. त्या शनिवारी खेळ तिथेच थांबवला, आणि अजून ती ओळ मोकळीच आहे.

असो. लांबलं जरा. कोकणातल्या आणि देशावरच्या सगळ्या काका-मामा-आत्यांना एक विनंती आहे. तुमच्या माळ्यावर जुने मोडी कागद असतील तर वाळवीच्या आधी वाचून घ्या. इनाम आणि वतन शोधतोच आपण, तेवढ्यात खर्चाच्या याद्याही बघा. लुगडं, धान्य, औषध, असल्या फालतू वाटणाऱ्या नोंदी. एखाद्या ओळीत जर नाव सापडलं, नुसतं नाव, तर मला कळवा. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचं घाटतंच आहे. त्यात एक पान वाढवायला फारसा खर्च येणार नाही.